मक्याच्या कोपऱ्यावरून डावीकडे

शेतकरी संघाच्या आवारात शिरलं की उजव्या हाताला वजनकाटा लागतो. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर ट्रॅक्टर चढला की दणदण वाजतो, आणि शेजारी पत्र्याची केबिन. केबिनला सरकती काच आहे, ती अर्ध्यावर अडकते. त्या अर्ध्या काचेतून ज्यांचं डोकं आणि एक हात बाहेर दिसतो, ते मामा. त्यांचे सख्खे भाचे किती, मला माहीत नाही. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरचे ट्रॅक्टरवाले त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या बायकोला मग ओघानेच मामी.

मी त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत हिशेबाचं काम पाहतो. माझ्या खिडकीतून काटा दिसतो. इतकी वर्षं मामांचा आवाज ऐकत मी काम केलं आहे. ट्रॅक्टर काट्यावर चढला की पहिली हाक ठरलेली.

“उतर खाली.”

“मामा, माझं वजन ते केवढं! राहू द्या की.”

“तुला विकत घेणारा कुणी असता तर राहू दिलं असतं. उतर.”

ड्रायव्हर हसत उतरायचा. मामा मात्र हसायचे नाहीत. काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घेतात असं वाटायचं. भरलेली ट्रॉली एकदा, रिकामी झाल्यावर पुन्हा एकदा, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर जमिनीवर. या एका गोष्टीत त्यांनी कधी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. संघाचे अध्यक्ष स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले होते, त्यांनाही उतरवलं होतं.

मामी मळ्यात विरळणीला जायच्या. बीट, गाजर पेरलं की रोपं दाट उगवतात. त्यातली जोमदार ठेवायची, बाकीची उपटायची, म्हणजे राहिलेली पोसतात. काम दिसायला सोपं, पण कुठलं ठेवायचं ते बोटांना कळावं लागतं. मामी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या की गप्पा मारत, समोर न बघता पुढे सरकायच्या. नव्या पोरींना त्यांच्याच हाताखाली देत. मामांच्या घराला लागून ज्याचा मळा आहे, तो मळेवाला म्हणायचा, “मामींनी ठेवलेलं रोप मरत नाही.”

त्याच मळेवाल्याने एके सकाळी काट्यावर येऊन मामांना बाजूला घेतलं.

“मामा, घरी सगळं बरं आहे ना?”

“बरं म्हणजे?”

“मामी काल आमच्या वाफ्यात होत्या.”

“मग? ती नेहमीच असते.”

“त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आणि विरळणी परवाच झाली होती.” त्याने आवाज खाली आणला. “त्यांनी वाफा मोकळा केला मामा. एक रोप ठेवलं नाही.”

सुरुवात बहुधा त्याआधीच झाली असणार. चहात साखर दोनदा पडणं, पायातली चप्पल शोधत बसणं, मुलीला फोनवर भलत्याच कुणाच्या नावाने हाक मारणं, या गोष्टींवर मामांनी वय झालं म्हणून कानाडोळा केला होता. पण वाफा मोकळा करणं वेगळं होतं. मळेवाल्याने पहिल्या वेळी हसून सोडलं, दुसऱ्या वेळी हसला नाही. मामांनी घरामागे मामींसाठी चार हात जागा खणून बी टाकलं, म्हणजे तिथेच रमतील. मामींनी त्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा कुणाचा पोरखेळ?” आणि कालव्याच्या कडेने मळ्याकडे चालू लागल्या. दाट उगवलेलं रोप दिसलं की त्यांना घरी बसवेना.

अडचण अशी होती की मामींना एकटं सोडता येत नव्हतं आणि मामांना हंगामात काटा सोडता येत नव्हता. नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय, हा प्रश्न होताच. दिवसभर सोबत बसायला बाई मिळेना, कारण हंगामात वस्तीवरच्या सगळ्या बायका शेतात. काही दिवस मामा त्यांना काट्याच्या केबिनमध्ये घेऊन आले. मामी स्टुलावर शांत बसायच्या, ट्रॅक्टर आला की उठून बाहेर जायच्या. एकदा मागे येणाऱ्या ट्रॉलीच्या चाकासमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला तो आवाज मी खिडकीतून ऐकला. दुसऱ्या दिवसापासून मामांनी त्यांना आणलं नाही.

मामांची मुलगी दूर शहरात असते. ती फोनवर म्हणाली, “बाबा, तिकडे काहीतरी सोय असेलच. हल्ली सगळीकडे असते. शोधा जरा.” तिने स्वतः शोधून एक नंबर पाठवला, वयस्कर माणसांना मदत करणाऱ्यांचा. मामांनी तो माझ्या टेबलावरून लावला, कारण खालच्या अंगाला, त्यांच्या घराकडे, मोबाइलला रेंज मिळत नाही. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली. तुमच्या अगदी जवळ आमचं केंद्र आहे, म्हणाली. गावाचं नाव सांगितलं तेव्हा मामांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. ते गाव आमच्या समोरच आहे, दिसतंही, पण मध्ये नदी आहे आणि पूल पार वरच्या अंगाला. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो.

“बाई, मध्ये नदी आहे,” मामा म्हणाले.

“पण सर, नकाशात अगदी जवळ आहे.”

“नकाशात मीही तुमच्या जवळच असेन. पोहायला येत नाही हो तिला.”

मग आरोग्य उपकेंद्रातली नर्सबाई. ती वस्तीवर लसी द्यायला येते. तिने मामींचा रक्तदाब पाहिला, गोड बोलली आणि म्हणाली, “मामा, माझ्याकडे बाळं आणि बाळंतिणी. मामी दोन्हीत बसत नाहीत, काय करू?” तिने तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि यांना एकटं ठेवू नका असं बजावलं. कुणाजवळ ठेवायचं, ते त्याच्या कामात बसत नव्हतं. पंचायतीच्या कार्यालयात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, निराधारांसाठी काहीतरी आहे, पण मामींना नवरा आहे म्हणजे त्या निराधार नाहीत.

“मी मेलो तर या म्हणतोय,” मामा आल्यावर मला म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला त्यांनी.

शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीने शोध चालवला. काट्यावर चारी दिशांचे लोक येतात. ड्रायव्हर खाली उतरून उभा असायचा तेवढ्या वेळात मामा विचारायचे, “तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला दिवसभर ठेवून घेणारं कुणी आहे का रे? विसरणाऱ्या माणसाला?” बहुतेक जण मान हलवायचे. कुणी एखादा वैद्य सुचवायचा, कुणी म्हणायचा झोपेची गोळी द्या. बरेच दिवस असे गेल्यावर कोंबडीखाद्याच्या ट्रकवाल्याने सांगितलं, “आमच्या सासूबाईंना नेतात की! बाजारगावात एका संस्थेचं केंद्र आहे. सकाळी पांढरी गाडी येते, संध्याकाळी आणून सोडते.”

“आणि तिथे काय करतात?”

“खातात, बसतात, गाणी म्हणतात. सासूबाई गाणी म्हणतात म्हणे! घरी तीस वर्षांत एक ओळ ऐकली नाही. घरी फक्त मला बोलतात.”

मामांनी त्याला परत जाऊ दिलं नाही. त्याच्या घरी फोन लावायला लावून केंद्राचा नंबर मिळवला आणि तसेच माझ्याकडे आले. काटा मागे तसाच उघडा होता. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा पाहिलं.

केंद्रातल्या बाई समजूतदार होत्या. एक जागा रिकामी होते आहे, म्हणाल्या. पण आधी आमची सिस्टर घरी येऊन माणसाला पाहून जाते, घर पाहते, मग ठरतं. पुढच्या आठवड्यात तुमच्या भागात गाडी येणार आहे, दुपारी. रस्ता सांगा.

मामांनी रस्ता सांगितला. “कालवा ओलांडलात की सरळ या. मका लागेल, माणसापेक्षा उंच. मक्याच्या कोपऱ्यावरून डावीकडे वळा. त्या रस्त्याने शेवटचं घर.”

मी समोरच बसलो होतो. माझ्या कानाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रस्ता असाच सांगतात. पाट्या नाहीत, घरांना नंबर नाहीत, शेतांच्या मधले रस्ते सगळे सारखे. ज्याला त्याला त्या हंगामात काय उभं आहे ते ठाऊक असतं, म्हणून उसापासून आत, सूर्यफुलाला वळसा, असंच बोलणं चालतं. पीक बदललं की रस्त्याचं वर्णनही बदलतं, आणि ते कुणाला सांगावं लागत नाही.

गाडी यायची त्या दिवशी मामा सकाळी कामावर आले, दुपारची सुट्टी घेतली होती. त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. मळेवाल्याने पावसाच्या धास्तीने भाड्याचं कापणी यंत्र मिळेल तिथून आणलं आणि भल्या पहाटेपासून मका काढायला लावला. नऊच्या सुमारास त्याची पहिली ट्रॉली काट्यावर आली, मग दुसरी, मग तिसरी. ड्रायव्हर खाली उतरला. मामांनी आकडा स्थिर होऊ दिला.

“मका का रे? इतक्यात?”

“पाऊस येतोय मामा. जेवणाच्या आत कोपऱ्यापर्यंत साफ होईल.”

“भिजू देऊ नका. ओला माल मी वजनात घेईन, पण दरात मार खाल.”

एवढंच. कोपऱ्यावरचा तो सगळा मका मामांच्याच हाताखालून मोजला गेला, आणि तरीही त्यांच्या डोक्यातला कोपरा मक्याचाच राहिला. दुपारी सायकलवरून घरी गेले ते कालव्याच्या पाऊलवाटेने, त्या वाटेत तो कोपरा लागत नाही. मामींना धुतलेलं लुगडं नेसवलं, केस विंचरून दिले, पाण्याचे तांबे भरून ठेवले आणि उंबऱ्यात बसले.

पांढरी गाडी आली होती, हे नंतर कळलं. कालवा ओलांडून सरळ आली. मक्याचा कोपरा होता तिथे नुसती खुंटं. ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला खुंटांकडे बघून काय कळणार? पुढे गेला. बऱ्याच अंतरावर दुसऱ्या कुणाचा उभा मका लागला, तिथून डावीकडे वळला आणि वीटभट्टीपाशी पोचला. फोन लावला, लागला नाही. भट्टीवरच्या बाईला मामांचं नाव विचारलं. त्यांचं कागदावरचं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. मामा म्हटलं असतं तर बोट दाखवून सांगितलं असतं. मग पाऊस सुरू झाला. सिस्टरला अजून दोन घरं करायची होती.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, “सांगितलेल्या ठिकाणी घर मिळालं नाही हो. ती जागा पुढच्या माणसाला द्यावी लागली. आता पुन्हा रिकामी झाली की कळवू.”

मी काट्यावर जाऊन हे सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. केबिनच्या बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “भाऊसाहेब, मीच मोजला ना तो मका?”

मी माझ्या टेबलाकडे परत निघालो.

नंतरचे दिवस वाईट गेले. मामी एकदा दुसऱ्याच मळ्यात सापडल्या, एकदा कालव्याच्या आत, गुडघाभर पाण्यात, काठावरचं गवत उपटताना. मग एका संध्याकाळी मामींच्या दंडावर काळंनिळं दिसलं. मळेवाल्याच्या नव्या गड्याने त्यांना वाफ्यातून ओढून बाहेर ढकललं होतं. मळेवाला स्वतः सांगायला आला. तो वाईट माणूस नाही.

“त्याला मी चांगला झापलाय मामा. पण मी तरी किती जणांना धरून ठेवू? दोनदा पेरलंय मी यंदा. तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसतो. उद्या कुणी फावडं उचललं तर मला बोल लावू नका.”

“नाही लावत,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी कडी आणि कुलूप आणलं. कडी दाराच्या बाहेरून बसवली. सकाळी निघताना मामींना समोर बसवून सांगायचे, “बाहेर जायचं नाही. बाहेर मारतात. मी येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकायचा.” रोज तेच, त्याच शब्दांत, मग बाहेरून कुलूप. दुपारी सायकल दामटत घरी जायचे, जेवू घालून पुन्हा तेच सांगून यायचे.

पहिले काही दिवस मामी दार बडवायच्या. रस्त्याने जाणाऱ्या बायकांना ऐकू यायचं. त्यातली एक मला म्हणाली, “ऐकवत नाही हो. आम्ही वाट बदलली.” नंतर आवाज थांबला. मामांना वाटलं, सवय झाली. मलाही तसंच वाटलं, आणि आम्हा दोघांना बरं वाटलं.

केंद्रातून फोन आला तेव्हा कापणी संपत आली होती. जागा रिकामी झाली होती. या वेळी मामांनी रस्ता सांगितलाच नाही. म्हणाले, मी डांबरी रस्त्यावर उभा राहतो, मला गाडीत घ्या. मधला फोन मीच केलेला, म्हणून मलाही चला म्हणाले. आम्ही दोघे उन्हात उभे होतो. गाडी खरोखरच पांढरी होती, आत खिडक्यांना पडदे होते.

सिस्टर पन्नाशीची, जाड भिंगाच्या चष्म्याची. घरासमोर उतरल्यावर मामांनी खिशातून किल्ली काढली. सिस्टरने कुलपाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्याने मामांची मान खाली गेली.

आत अंधार होता. मामी कॉट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसल्या होत्या. गुडघे पोटाशी. उजेड आत आला तसा त्यांनी हात डोळ्यांवर धरला.

“दार लावा,” त्या म्हणाल्या. “लवकर लावा.”

सिस्टर सरळ त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. घाई केली नाही. हात हातात घेतला, बोटं पाहिली, म्हणाली, “मावशी, ही शेतातली बोटं. काय करायचात तुम्ही?” हळूहळू मामी बोलू लागल्या. बीट कसं विरळ करतात, दोन बोटं कुठे धरायची, सगळं सांगितलं. मध्येच हसल्यासुद्धा. मामा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. बऱ्याच दिवसांत मामी एवढं बोलल्या नसाव्यात. सिस्टरने माझ्याकडे पाहून मान हलवली: होईल, नेता येईल.

“चला मावशी, आमच्याकडेही बाग आहे. दाखवते.”

मामी उठल्या. सिस्टरचा हात धरून दारापर्यंत आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. एक पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

“इथून पुढे जायचं नाही.”

“कोण म्हणालं?”

“ह्यांनी सांगितलंय. बाहेर मारतात.”

मामा पुढे आले. “अगं, मीच सांगतोय ना आता? चल. कुणी मारत नाही. मी आहे.”

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, अदबीने. “तुम्ही नाही हो,” त्या म्हणाल्या. “आमचे हे. काट्यावर गेलेत. ते येईपर्यंत नाही जायचं.”

जी बाई सकाळी खाल्लेलं दुपारी विसरायची, मुलीचं नाव विसरायची, तिच्या डोक्यात ही एकच गोष्ट पक्की बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, उचलून गाडीत बसवूया, एकदा बसल्या की रमतील. मामांनी दंडाला धरून त्यांना एक पाऊल पुढे ओढलं. मामी किंचाळल्या. तो आवाज ऐकून मळ्यातली माणसं सरळ उभी राहिली. सिस्टरने मामांचा हात सोडवला.

“असं नाही करायचं,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात पुन्हा येते.”

ती आली. पुढच्या आठवड्यात आली, त्यानंतरही आली. एकदा केंद्रातली दुसरी म्हातारी सोबत घेऊन आली, ती दारातून हाका मारत होती. मामी आतून तिच्याशी बोलायच्या, तिलाच आत बोलवायच्या. कडी मामांनी पहिल्याच दिवशी उखडून टाकली होती. दाराला चार भोकं राहिली. सिस्टरने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की वाट पाहणारे बरेच आहेत, आणि गाडीतली जागा रिकामी नेणं त्यांच्या संस्थेला परवडत नाही, ती आता दुसऱ्याला द्यावी लागेल. मी मामांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, “कळलं मला. गाडी वळताना बघितली.”

मामा अजून काट्यावर आहेत. मळेवाल्याचं बीट यंदा चांगलं आलं. त्याने एक दिवस पोतंभर बीट मामांच्या सायकलला बांधून दिलं. मामांनी नको म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात कालव्याकडे काम होतं, म्हणून त्या बाजूने गेलो. भर दुपार होती. मामांच्या घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, उन्हाची रेघ जिथे संपते तिथे, मामी बसल्या होत्या. मी रस्त्यावरून विचारलं, “मामी, बरं आहे ना?”

त्यांनी मला ओळखलं नाही. पण काळजीने हात हलवून बोलावलं.

“आत या,” म्हणाल्या. “बाहेर उभे राहू नका असे.”